परतीचा भाग

६ एप्रिल

आले एकदाची नाशिकला. पेठपासून एसटीत खिडकीशी बसायला मिळालं, घाटात पोटातलं बाहेर आलं नाही, आणि जेल रोडच्या स्टॉपवर वत्सलाबाई स्वतः छत्री घेऊन उन्हात उभ्या होत्या. आश्रमशाळेत पहिलीपासून मी त्यांच्या हाताखाली शिकले. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, तरी माझी जड पिशवी त्यांनीच ओढली. भाड्याचं नाव काढायचं नाही, फक्त संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचा, डोळे दमतात म्हणाल्या.

वरची खोली माझी. खिडकीतून कॉलनीचा विहार दिसतो, आणि चौदा तारखेसाठी आत्ताच लावलेल्या निळ्या पताका. नोकरीही बाईंनीच बघून दिली. शरणपूर रोडला प्रफुल्लदादा कोठावदेंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, उद्यापासून तिथे. बिघडलेल्या मशिनमधून लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंध बाहेर काढायचे. माझ्या कोर्सचा खरंच उपयोग होणार, यावर आयचा अजून विश्वास बसत नाही.

जेवताना बाईंनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. क्रोशाच्या रुमालाखाली त्यांचा कॉम्प्युटर. दिवाळीत व्होल्टेज उसळलं तेव्हापासून चालू होत नाही. आमच्या पाड्यांवर फिरून त्यांनी वीस वर्षं जमवलेली गाणी त्यात आहेत. कॅसेटींना बुरशी लागली म्हणून सगळं यात भरून कॅसेटी टाकून दिल्या. माझ्या बाची कथासुद्धा त्यातच आहे म्हणे.

बाचा आवाज! मला वाटलं होतं तो त्याच्याबरोबरच गेला.

९ एप्रिल

काम आवडलं. प्रफुल्लदादा कमी बोलतात, पण विचारलं की नीट सांगतात. आज बाईंचा कॉम्प्युटर रिक्षाने दुकानात नेला. पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळाच राहतो. डिस्क काढून वेगळी जोडली आणि कान लावला, तर आतून टक्... टक्... कुणी नखाने दार वाजवावं तसं.

दादा म्हणाले, डिस्क मेलेली नाही, वाचणारं टोक अडखळतंय. जे मिळेल ते हळूहळू दुसऱ्या डिस्कवर ओढून घ्यायचं, एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं नाही. आणखी एक सांगितलं. फायलींची नावं गेलीत, नुसते आकडे येतील. कशात काय आहे ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. मी म्हटलं, ऐकायचंच तर आहे.

१२ एप्रिल

बा सापडला.

दोन दिवस नुसती लग्नाची गाणी आणि पाळणे येत होते. आज एक मोठी फाईल उघडली, आधी खोकला, मग थाळीची घुमी. दुकानात सगळ्यांसमोर रडले.

आमच्या पाड्यावर माणूस गेलं की त्याच्या दिवसाला थाळीवर कथा लावतात. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून ओली बोटं ओढायची, की थाळी घुमते. त्या घुमीवर बा रात्रभर गायचा. कथेचे तीन भाग. पहिल्यात गेलेल्याला नाव घेऊन उठवायचं, आंघोळ घालायची, भात वाढायचा. दुसऱ्यात त्याला नदीच्या वाटेने पोचवायला जायचं, ऐकणारे सगळेच जातात बरोबर. तिसऱ्यात एकेकाचं नाव घेऊन जिवंत माणसांना घरी आणायचं. ही पूर्ण कथा बाशिवाय कुणालाच येत नव्हती. तीन वर्षांपूर्वी तो तापाने गेला तेव्हा त्याच्यासाठी दुसऱ्या गावच्या माणसाने दुसरीच कथा लावली. आय अजून ते बोलते.

दुपारी घरी येऊन बाईंना ऐकवलं. पहिला भाग होता. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं. फाईल एका शब्दाच्या मध्येच तुटली. बाईंनी डोळे उघडले आणि कुणी हाक मारली का, असं विचारलं. कुणीच मारली नव्हती.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून कॉलनीत ढोल, पोरी पांढऱ्या कपड्यांत. बाई दरवर्षी मिरवणुकीत पुढे असतात. आज पांढरी साडी नेसल्या आणि उंबऱ्यावर जाऊन बसल्या, तोंड बाहेर, अनवाणी. बायका बोलवायला आल्या, तर नुसत्या बघत राहिल्या.

दुपारी विहारातून आलेल्या जेवणाचं ताट वाढलं. जेवले मी, म्हणाल्या. सकाळपासून घरात चूलही पेटलेली नव्हती. कुठे जेवलात विचारलं, तर अगदी साधेपणाने म्हणाल्या, "बुधाने वाढलं ना."

बुधा म्हणजे माझा बा.

उन्हाचा त्रास असेल म्हणून लिंबूपाणी दिलं. ते ओठांच्या कडेने बाहेर आलं, गिळलंच नाही. पाय पुसायला घेतले तर टाचांना ओली वाळू. आठवडाभर गल्लीत पाण्याचा टँकरसुद्धा आलेला नाही.

१६ एप्रिल

डॉक्टर येऊन गेले. बीपी कमी, नाडी मंद, वयाचा अशक्तपणा. सलाइन लावलं.

आयला फोन केला. बाचा आवाज सापडल्याचं ऐकून तिने पहिलं हेच विचारलं, कथेत नाव कोणाचं घेतलंय? मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. बाईंना विचारलं. त्या जरा हुशारीत होत्या, हसल्या. बुधा मेलेल्याच्या नावाशिवाय गायला तयार नव्हता, म्हणून त्याच म्हणाल्या होत्या, माझं नाव घे, मी कुठे या गोष्टी मानते.

आयला सांगितलं. ती म्हणाली, जिवंत माणसाचं नाव घेतलं की काय होतं ते बाला माहीत होतं. त्याने घरी येऊन सांगितलं होतं की शेवटच्या भागात बाईंचंही नाव घेतलं, त्यांनाही परत आणून ठेवलं. आखी कथा ऐकली तर काहीच होत नाही.

"पन अर्धी लावायची नसते गं. उठवलेला मानूस दारातच राहतो. बाकीची शोध."

मी विज्ञान शिकलेय. तरी दुकानात जाऊन दादांना म्हटलं, बाकीची कामं बाजूला ठेवा.

१८ एप्रिल

डिस्क किती वाचून झाली त्याचा पडद्यावरचा आकडा फिरत राहतो, थांबतो, फिरतो. नवीन आलेली प्रत्येक फाईल लगेच ऐकते. पाळणा. नाचणी पेरायचं गाणं. पुन्हा पाळणा. बाई सकाळी पलंगावरून क्षीण आवाजात विचारत होत्या, शेवटचं सापडलं का. न मानणाऱ्या बाई. त्यांनी तसं विचारल्यावर मला खरी भीती वाटली.

दुपारी थाळीची घुमी लागली. इयरफोन कानात खुपसले. परतीचा भाग असू दे, एवढंच म्हणत होते. तो दुसरा भाग निघाला. वाटेचा. मला बंद करायला हवं होतं. कळेपर्यंत ऐकलं, कळल्यावरही ऐकत राहिले, कारण बा गात होता. घोट्यांना गार लागलं. खाली पाहिलं, फरशी कोरडी. पण पाणी वाहताना पायाखालची वाळू सरकते ना, तशी सरकत होती.

घरी आले तर बाई उताण्या पडलेल्या, डोळे उघडे. श्वास चालू. हाक मारली, हलवलं, काही नाही. रिक्षा आणि मग दवाखाना.

मी ऐकलं आणि त्या निघाल्या.

१९ एप्रिल

मेंदूचा फोटो चांगला आलाय. रक्त चांगलं. डॉक्टर म्हणतात, कारण सापडत नाही, पण कुठल्याच हाकेला त्या ओ देत नाहीत.

कपडे न्यायला दुपारी घरी आले. कुलूप मीच काढलं. स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला, आले गं, आले. जसं रोज म्हणतात तसं. आत कुणी नव्हतं. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत ओली पावलं. सगळी बाहेर जाणारी.

२१ एप्रिल

डिस्कवर ओरखडा आहे, आणि परतीचा भाग नेमका त्याच जागेवर. दादांनी पडद्यावर दाखवलं, आजूबाजूचं सगळं आलंय आणि मधे काळा पट्टा. मुंबईच्या मोठ्या लॅबला विचारलं. त्यांनी सांगितलं, अशा डिस्कचं होत नाही, झालं तर महिने लागतील. बाईंकडे महिने नाहीत.

दादांनी तसलीच जुनी डिस्क शोधून आणली, तिचं टोक काढून यात बसवलं. म्हणाले, "ललिता, आता फिरवली तर पुन्हा फिरणार नाही."

मी म्हटलं, फिरवा.

एक तुकडा आला. थाळी घुमते. बा घसा साफ करतो. मग म्हणतो, वत्सले, आता—

तेवढंच. पुन्हा पुन्हा लावलं. वत्सले, आता. वत्सले, आता. पुढे काहीच नाही.

२२ एप्रिल

डिस्क गप्प झाली. टक् टक्‌सुद्धा नाही. दादा माझ्याकडे बघत नव्हते. पाठीवर हात ठेवला आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

मी तिला फडक्यात गुंडाळून घरी आणलं. कान लावून बसते. काही नाही.

पायाखाली वाळू आता सारखीच. दवाखान्याच्या जिन्यावर, बाथरूममध्ये. बूट घातले तरी.

२३ एप्रिल

बाईंचा श्वास कमी होतोय. नातेवाइकांना कळवा, डॉक्टर म्हणाले.

आयला फोन केला. रडले, भांडले. बायको होतीस त्याची, जन्मभर ऐकलंस, तुला कशी येत नाही? ती म्हणाली, परतीच्या काही ओळी आठवतात. हळू आवाजात म्हणून दाखवल्या. मी लिहून घेतल्या. बाईंना वळवण्यापुरत्या आहेत, ती म्हणाली. पण त्या दवाखान्यात म्हणून उपयोग नाही, बाई तिथे नाहीतच. वाटेवर जाऊन म्हणायला हव्यात.

मी म्हटलं, दुसरा भाग लावते आणि जाते. आधीच निघालेय मी थोडी.

आय ओरडली नाही. इतकंच विचारलं, "आन तुला कोन बोलवील?"

मग तिनेच सांगितलं. उद्या दुपारी ती टेकडीवर रेंजमध्ये बसेल. मी येईपर्यंत माझं नाव घेत राहील.

२४ एप्रिल

दुपार. दार लावलंय. फोन टेबलावर, स्पीकर चालू. शेजारी दादांच्या लॅपटॉपवर दुसरा भाग तयार. आय बोलतेय— ललिता, ललिता, दम खायला थांबते, परत ललिता. वही समोर. लिहीत राहायचं. हात कागदावर असेल तर मी इथे.

लावलं.

थाळी. बा.

पाणी घोट्याला. टेबल दिसतंय. टेबलाखाली नदी दिसतेय. दोन्ही.

चालतेय— हात लिहितोय— आय मागून ऐकू येतेय, बरं वाटतं—

बाई! पुढे. पांढरी साडी, गुडघ्यापर्यंत ओल्या. पाण्यात उतरतायत. हाक मारली. नाही बघितलं. आयच्या ओळी म्हटल्या. एकदा. परत. आवाज फुटला माझा. परत म्हटल्या—

थांबल्या.

वळल्या! वर्गात बघायच्या तसं बघितलं माझ्याकडे. माझ्या शेजारून माघारी गेल्या. खांद्याला त्यांचा पदर लागला, ओला—

आता मी. वळायचं. आय घेतेय नाव—

फोनमधे पीप पीप. दुसरा कॉल. दवाखान्याचा नंबर. बाई उठल्या असतील, बाई जाग्या झा— थांबा, मधे नका येऊ, आयचा आवाज कापला जातो— ललि— पीप— ललि—

गेला. आयचा आवाज गेला. नुसतं पीप पीप.

वळायचं कुठल्या बाजूला. सगळीकडे पाणी सारखंच. आय? आय गं, परत लाव—

आली. हाक आली. ललिता. पुन्हा. स्पष्ट. त्या बाजूला वळ— तिकडे—

नाही. हा आवाज आयचा नाही.

बा आहे. आश्रमशाळेच्या फाटकाशी सुट्टीला न्यायला यायचा, तशी हाक. लांबवून. पण मागून नाही, पुढून येतेय. पलीकडून. पाणी कमरेला आणि तो म्हणतोय ये गं, ये, ललि—