हरणीच्या पोटातली आठ पिल्लं

मुक्काम शेळगाव

आदरणीय अविराज दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सावळारामचा, वाकून रामराम. ताईची कंबर आता कशी आहे? भवानीनगरला कारखाना सुरू झाला असेल तर धुराड्याखाली उभं राहू नका, तुमचा खोकला मला इथं ऐकू येतो. आमच्याकडं सगळे ठणठणीत आहेत. मी तेवढा परवापासून आतून कडी लावून बसलोय, आणि त्याला कारण आमची कारवानी कुत्री हरणी.

हरणी गाभण आहे हे कळल्यावर आनंदाच्या भरात मी भेटेल त्याला पिल्लू कबूल करत गेलो. (तुम्हालाही केलं होतं, तुमच्या धाकट्याच्या बारशात, भर पंगतीत.) आमच्या अनितानं नावं मोजायला लावली तेव्हा आठ जण निघाले. पोटात आहेत तरी किती हे बघावं म्हणून चाँदभाईंच्या टेम्पोतून हरणीला बारामतीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर सुप्रिया मॅडमनी तिचे दोन एक्स-रे काढले, एक कुशीवर निजवून, एक उताणी करून, आणि मला ते वाचायलाही शिकवलं. हाड पांढरं, हवा काळी, मांस नि पाणी करडं. आधी कवट्या मोजायच्या, मग पाठीचे कणे मोजायचे, दोन्हीचा मेळ बसला की तेवढी पिल्लं. मेळ चारावर बसला. शेपटीकडच्या एका काळ्या डागावर माझी फार आशा होती, पण ती नुसती हवा निघाली. (हरणीला शिळी डाळ सोसत नाही.)

चार पिल्लं आणि आठ जणांना दिलेला शब्द. दोन्ही फिल्मा खिडकीच्या काचेला चिकटवून मी डोकं धरून बसलो होतो, तोवर शेजारच्या ठमाबाई आल्या. त्यांनी या काचेवरची चार मोजली, त्या काचेवरची चार मोजली आणि म्हणाल्या, "आठ हायती की. रडतुयास कशाला?"

दाजी, तुम्ही हसाल, पण मला ते तिथल्या तिथं पटलं. तुम्ही लांब, म्हणून बाकीच्या सातांना बोलावून वाटप केलं, तुमचं मीच निवडलं. टेम्पो त्यांचा म्हणून चाँदभाईंची पहिली निवड, त्यांनी कुशीवरच्या फिल्ममधली सगळ्यात मोठी कवटी धरली. मोहनराव पैलवान, त्यांना सरळ कण्याचं पिल्लू हवं होतं (पोटात सगळीच वाकडी झोपतात, पण पैलवानाला कोण सांगणार). ठमाबाईंनी तर आपल्या पिल्लाला काचेवरच कुंकू लावलं. एवढं सुरळीत चाललेलं बघून मला हाव सुटली. तिसरा फोटो काढला तर आणखी चार होतील, म्हणून मॅडमना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "सावळाराम, दोन्ही फोटोंत तीच चार पिल्लं आहेत. तुमचा समोरून एक नि बाजूनं एक फोटो काढला तर तुम्ही दोघं होता का?"

तोवर सगळे आपापल्या पिल्लाचं नाव ठरवून घरी गेले होते.

परवा हरणी व्याली. चार. लगेच कुशीवरचे चौघे आणि उताणे तिघे (चौथे तुम्ही) अंगणात समोरासमोर उभे राहिले. आपलं पिल्लू अजून आतच आहे, नीट बघा, असं मोहनरावांचं म्हणणं. हरणीनं हा कालवा थोडा वेळ ऐकला आणि एकेक पिल्लू तोंडात धरून ठमाबाईंच्या कांद्याच्या चाळीत नेऊन ठेवलं. आता ठमाबाई काठी घेऊन दारात बसतात. मी भांडायलाच गेलो होतो. "आईपासनं लेकरं तोडायची न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या. आत चार बारक्या शेपट्या हलताना दिसल्या, आणि खरं सांगतो दाजी, माझा सगळा जोर गेला. गुमान परत आलो.

तेव्हा पिल्लू मिळणं अवघड आहे. पण शब्द तो शब्द. तुमच्या वाट्याचं उताण्या फिल्ममध्ये डावीकडून दुसरं. तुमच्या कारखान्यात कामाला येणाऱ्या लखनच्या हाती ती फिल्म सकाळीच पाठवलीय. बैठकीत लावा. त्याला खायला काही लागत नाही.

आपला,
सावळाराम

ता. क. : लखन घेऊन गेलाय ती फिल्म हरणीची नाही, चाँदभाईंच्या गुडघ्याची आहे. मला वाचता येतं म्हणून ते ठेवून गेले होते. आता दारात टेम्पो लावून बसलेत, त्यांना डॉक्टरकडं जायचंय. फिल्म आल्या पावली परत पाठवा. पत्र लिहायचं खरं कारण तेच.

ता. क. दुसरा : पाठवण्याआधी गुडघ्यात पिल्लू दिसतंय का तेवढं बघून कळवा. मला एक दिसलं होतं, आणि मी ते चाँदभाईंना सांगून बसलोय.