नाक्यावरचा धाकटा

प्रिय आईस,
दोन्ही हात जोडून सोमकितचा नमस्कार.

मी खुशाल आहे आणि वेळेवर जेवतो. घरचा फोन बाबाच उचलतात, म्हणून हे पत्र आपल्या गावच्या बसवाल्या काकांच्या हाती देतो आहे. वाचून चुलीत घाल.

आमचे हॉटेल आंदोलकांच्या तळात सापडले आहे. पाहुण्यांना मी व्हॅनने विमानतळावर पोहोचवतो. काल एका म्हाताऱ्या परदेशी जोडप्याला घेऊन निघालो, तर लष्कराच्या नाक्यावर बंदूक घेऊन आपला धाकटा थोंगचाई उभा. तू बांधलेला दोरा त्याच्या मनगटावर अजून आहे. अंगाने थोडा वाळला आहे, एवढेच.

मी काच खाली करून म्हटले, "काय रे, जेवलास का?"

मागून त्याचा साहेब ओरडला, "ओळखतोस याला?"

"नाही साहेब. हे ड्रायव्हर सगळ्यांशीच सलगी करतात."

मग तपासणीच्या निमित्ताने तो आत वाकला आणि आपल्या बोलीत पुटपुटला, "दादा, बाबांना येऊ देऊ नकोस. आता आम्हाला खऱ्या गोळ्या दिल्यात."

मागच्या आजीबाईंनी विचारले, "काय म्हणाला तो?"

"रस्ता मोकळा आहे म्हणाला," मी सांगितले.

बाबा शेजाऱ्यांना घेऊन आंदोलनाला निघणार आहेत ना? समजावून ते ऐकणार नाहीत. गाडीची चावी भाताच्या कणगीत खोल पुरून ठेव. शोधू लागले तर सोमकितने नेली म्हण. शिव्या मला घालू देत.

तुझ्या पायांवर डोके ठेवतो, धाकट्याच्या वतीनेही.
सोमकित