दिव्याखाली सरकवलेलं मशीन

अहो,

वायरमनला न बोलावता लोंबता दिवा स्वतः लावला, की सासूबाईंसमोर जावयाची कॉलर ताठ, एवढा तुमचा हिशेब होता. तो जमला. पण छतातला वायरिंगचा बॉक्स मुळात वाकडा, त्यात स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथून वायर खिडकीपर्यंत ओढून दिवा माझ्या आईच्या शिलाई मशीनवर टांगायचा होता. तुम्ही दोन रविवार बॉक्सच्या स्क्रूंशी कुस्ती खेळलात आणि शेवटी दिवा तिथेच टांगून मशीनच ओढून दारात, दिव्याखाली आणलंत. वर मलाच म्हणालात, “उजेड पडल्याशी कारण.”

आठ दिवस झाले, आई दारातच शिवायला बसते आणि आपण सगळे तिला “जरा उठता का” म्हणत ये-जा करतो. आज तिनं बॅग भरली आणि दादाकडे निघाली. मला म्हणाली, “माझी अडचण होते गं इथे. जावयांना बोलू नकोस, हौसेनं लावलाय त्यांनी.”

मी तिला बसस्टँडवरून परत आणायला चाललेय. वायरमन चारला येईल. त्याची शिडी धरा, सल्ले देऊ नका. मशीन आधी खिडकीशी न्या.

कौतुक तुम्ही घेतलंत. त्यापायी घर सोडायला निघाली ती, आणि तेही तुमचीच बाजू घेऊन.