धुवायला आलेली वर्दी

प्रिय चिमणे,

एका गल्लीत राहतो, रोज लाँड्रीच्या काउंटरवर भेटतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण तोंडाने बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि गिऱ्हाइकं माना वळवून बघतात. लिहिताना निदान हातात तापलेली इस्त्री नसते, हे सगळ्यांच्याच भल्याचं आहे.

माझा धाकटा भाऊ गेल्यापासून कपडे पोचवायची गाडी दारात उभीच आहे. गठ्ठे घेऊन मीच चालत जाते. लोक मुकाट्याने पैसे देतात, कोणी सुट्ट्यांवरून वाद घालत नाही. त्यालाच तेवढी वाद घालायची हौस होती. तुला तो ताई म्हणायचा आणि मला, सख्ख्या बहिणीला, नुसतं ‘ए बाई’. तुझ्या लग्नात भावोजींनी त्याला खांद्यावर बसवून अख्खा मांडव फिरवला होता, आठवतं? तेव्हा हा माणूस मला किती आवडला होता! स्वतःच्या त्या आवडीचाही आता राग येतो.

त्या संध्याकाळी चौकात भावोजी फळवाल्या म्हाताऱ्याला काठीने मारत होते. गाडा हलवायला उशीर झाला, एवढाच त्याचा गुन्हा. धाकट्याने गाडी थांबवली, उतरला आणि म्हणाला की भावोजी, पुरे करा आता. साहेब म्हणाला असता तर कदाचित एका थपडेवर सुटला असता. पण चारचौघांत, हाताखालच्या शिपायांसमोर त्याने वर्दीला भावोजी म्हटलं. घरची सवय, दुसरं काय! तेच झोंबलं. त्याला जीपमध्ये घातलं तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, हे फळवाला शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला की तो जिन्यावरून पडून गेला. जिन्याने माणसाच्या दोन्ही हातांची बोटं मोडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग चौकशी झाली. चौकशी करणारे त्यांचे, साक्षीदार त्यांचे, चहा आणणारासुद्धा त्यांचाच. निष्कर्ष असा की साहेबांनी मुलाला ठाण्याच्या फाटकाशी उतरवलं आणि ते थेट घरी गेले, आत पाऊलही टाकलं नाही. टीव्हीवर एक गृहस्थ कळकळीने म्हणत होते की अशा आरोपांनी पोलिसांचं मनोधैर्य खचतं. मी टीव्हीवर फडकं टाकलं. भावोजी सांत्वनाला आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की कायदा सगळ्यांना सारखा. त्या हाताचा वास मला अजून येतो. कितीदा न्हाले तरी जात नाही.

पण चिमणे, फोन यायच्या आधी, दुकान उघडताच, तू नेहमीसारखा घरचा गठ्ठा घेऊन आली होतीस. धाकटा मित्राकडे झोपला असेल, असं समजून मी तुझ्याशी हसत होते. वर्दीच्या बाहीवर, छातीवर डाग होते. अपघातातल्या कोणाला तरी त्यांनी उचललं म्हणे, असं तू भोळेपणाने सांगितलंस. डागाचे कपडे मी मशीनमध्ये टाकत नाही, हाताने धुते, म्हणून ती वर्दी बाजूला ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. पुढे कितीतरी दिवसांनी दुकान उघडलं, तेव्हा ती तशीच कोपऱ्यात पडलेली.

भावोजींनी तिची आठवणसुद्धा काढली नव्हती. कशाला काढतील? अंगातून काढून टोपलीत फेकलं की कपडा घडी होऊन कपाटात उगवतो, एवढंच त्यांना माहीत. मधली बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. जिना धुवून घेतला, कॅमेरा बंद पाडला, शिपायांना पढवलं आणि हीच एक गोष्ट बायकोच्या हातात सोडली. मी वर्दी आमची केस घेतलेल्या वकिलीणबाईंकडे दिली, त्यांनी कोर्टात. परवा तपासणीचा अहवाल आला. ते रक्त माझ्या भावाचं आहे.

लोक मला म्हणतात, तुला न्याय मिळो. मिळेल तेव्हा मिळो. मला सूड हवा आहे आणि तो म्हणायची मला लाज वाटत नाही. त्या माणसाला कोणीतरी दंडाला धरून जीपमध्ये घालताना मला बघायचं आहे. त्याने ओळखीच्या चेहऱ्यांकडे बघावं आणि त्या चेहऱ्यांनी माना फिरवाव्यात.

पाकिटावर चिमणीचं नाव आहे. पण त्या घरात तिच्या नावाचं प्रत्येक पाकीट आधी तुम्ही फोडता, भावोजी, म्हणून तर तिच्याच नावाने लिहिलं. तुम्ही इथवर वाचलंत, बरं झालं. अहवाल मी तिला दाखवला. ती रडली नाही. काल कोर्टात जाऊन तिने जबाब दिला की वर्दी माझ्या नवऱ्याची, तो ती घालूनच घरी आला आणि धुवायला मीच नेली. मुलं तिच्या आईकडे सुखरूप आहेत आणि मी हे लिहिते आहे तेव्हा ती माझ्या शेजारी बसून वाचते आहे. पत्र तुमच्या जेवणाच्या टेबलावर तिनेच ठेवलं असेल. वॉरंट सकाळीच निघालं. खाली जीप थांबल्याचा आवाज आला तर दार उघडा, उगाच त्यांना तोडायला लावू नका. आणि जिना उतरताना घाबरू नका. जिन्यावरून पडून कोणी मरत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

तुमची कोणीच नसलेली, चिमणीचीच,
लाँड्रीवाली