दोन्ही खांद्यांवरून पदर

बाई, तुम्ही आमच्या अंबरनाथच्या खोलीवर आलात, त्या दिवशी मी आनंदाने नाचायची तेवढी बाकी होते. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या शाळेच्या बाई चाळीत आल्या म्हणून सगळ्यांची दारं उघडली होती. मला कल्याणला सातवीच्या फायनलला बसवावं, मग मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवावं, एवढंच तुम्ही बाबांना सांगायला आला होतात. काड्यापेटीच्या कारखान्यातून दमून आलेले बाबा मान खाली घालून ऐकत होते आणि मला वाटत होतं, जमलं.

तुम्ही उठलात आणि आई चुकली. घरी आलेल्या बाईमाणसाला कुंकू लावल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हाताला सवयच तशी. ती करंडा घेऊन पुढे झाली आणि तुमचं मोकळं कपाळ पाहून थिजली. करंडा पदराखाली गेला. तुम्ही हसून म्हणालात, "असू दे हो, लेकीला लावा." आईने लावलंही. पण तुमची पाठ वळताच बाबा कडाडले, "शिकवून हिला त्यांच्यासारखी करायचीय का? मास्तरणी होतात त्या सगळ्या नवरा गेलेल्या नाहीतर टाकलेल्या!" आमच्या पाहण्यातल्या खरंच तशाच होत्या. आधी कपाळाचं कुंकू गेलं आणि पोटासाठी मग शाळा आली, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाबा वाईट नव्हते, बाई. भ्याले होते. फायनलच्या आधीच त्यांनी मला विठ्ठलवाडीला उजवून टाकलं.

मुलगा चालायला लागायच्या आत नवरा विषमज्वराने गेला. मी निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठाणीकडे पापड लाटतेय. तिची मुलगी दप्तर घेऊन निघालीय. शेठाणी म्हणते, "बहेन, हमारे बॅरेकवाले स्कूल में मराठी की टीचर चाहिए. तू फायनल पास है ना?" मी लाटणं न थांबवता नाही म्हणून मान हलवते. "अरे रे," म्हणून ती आत जाते.

म्हणजे ज्याला भिऊन मला शाळेतून काढलं ते आलंच, बाई. शाळा तेवढी आली नाही. याचा मला अजून राग येतो, आणि बाबाही आता नाहीत, तो कोणावर काढू?

तुम्ही देवाघरी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत? एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. घरात कोणी नसलं की मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेते आणि थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहते, समोर वर्ग असल्यासारखी.