आवाज न करणारी गाडी

शनिवार संध्याकाळ, रनाळे

सुरतहून घरी आले. एवढी महागडी इलेक्ट्रिक गाडी मी मुख्यतः तिच्या शांततेसाठी घेतली, हे इथे तरी कबूल करावं. काचा वर केल्या की स्वतःचा श्वास ऐकू येतो. मोटर कशी चालते ते मला कळतं, म्हणून त्या शांततेचं कौतुक जरा जास्तच.

आज अंगणात गाडी लावली, चार्जिंगची वायर गोठ्यातल्या प्लगला जोडली, तरी घरात कुणाला पत्ता नाही. आई ओट्यापाशी पाठमोरी, मिरच्यांचे देठ खुडत होती. मी दारात उभी राहिले. हाक का मारली नाही? तिनं आपणहून ओळखावं, असं वाटलं बहुधा.

तेवढ्यात रस्त्यावरून एक स्कूटर आली. आवाज अगदी माझ्या जुन्या, विकून टाकलेल्या स्कूटरचा. आईनं लगेच हात धुतले, चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं आणि मी आले का, ते न वळताच विचारलं, "उनी का व माय?"

स्कूटर पुढे निघून गेली.

"मी अठेच शे, आई," मी तिच्या मागून, दारातूनच म्हटलं.

ती दचकली, मग हसली. "चोरनागत उनी! इतली मोठी गाडी, हॉर्न तरी वाजाड ना!"

पुढच्या वेळी वाजवीन म्हटलं. पण कॉलेजातून त्या जुन्या स्कूटरवर यायचे तेव्हा हॉर्न कुठे लागायचा? गल्लीच्या वळणावरच तिला कळायचं.

चहा छान झाला होता. पण तो आईनं स्कूटरवरून येणाऱ्या मुलीसाठी ठेवला होता. तिच्या वाटणीचा मी प्यायले.