खिडकीतली बरणी

ती. मामांस,

नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण भट्टीपुढे उभं राहून पाठ आखडली आहे.) तुमचा गुडघा जिना चढू देतो का? मामींचा खोकला? इकडे सगळे मजेत. खडा परत पाठव म्हणालात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निवृत्त होताना तुम्ही तो क्रायोलाइट खनिजाचा खडा मला दिलात, खाणीतला, अस्सल (आमच्या वाट्याला कारखान्यात बनवलेली, पोत्यातली पूड), आणि जिवापाड जपायला सांगितलंत. पाण्यात टाकला की तो दिसेनासा होतो हे तुम्हीच दाखवलं होतंत. म्हणून कुणाची नजर पडू नये यासाठी पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत ठेवला. इतका छान लपला की बरणी कुठे ठेवली तेच विसरलो. (भट्टीपाशी माझं असंच होतं. दोन हजार अंशांपर्यंत दाद न देणारी ॲल्युमिनियमची कच्ची भुकटी, अल्युमिना, वितळलेल्या क्रायोलाइटच्या रसात हजाराच्या आतच विरघळते, विजेच्या जोरावर तळाशी ॲल्युमिनियम साठत जातं, आणि त्या केशरी उजेडाकडे बघता बघता मी कुठल्या कुठे जातो.)

मग दिसेल त्या पाण्यात हात घालत सुटलो. बाबांच्या कवळीचा पेला, वहिनीची फुलदाणी, साहेबांचा पाण्याचा जग. शेवटी प्रयोगशाळा. तिथे भट्टीतल्या रसाचे नमुने तपासणारी एक मुलगी आहे, तुमच्या वेळी नव्हती. तिच्या खिडकीत बरणी दिसली. मी बाही सारून कोपरापर्यंत हात घातला. तिनं शांतपणे फडकं पुढे केलं. पाणी बदलताना खडा तिला केव्हाच दिसला होता, आणि तीन आठवडे ती रोज पाणी बदलत होती.

"मुद्दाम ठेवलात ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, विसरलो होतो. तिचा चेहरा उतरला. शनिवारी घेऊन जा म्हणाली. माझा हात अजून पाण्यातच होता आणि बरणीत ऊन आलं होतं. बाहेर काढावासाच वाटेना. असो. खडा लवकरच पाठवतो.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. बाबांकडे कवळीचा विषय काढू नका. तसं काही घडलेलंच नाही.

ता. क. पुन्हा. बरणी मी विसरलो नव्हतो. मुद्दामच तिच्या खिडकीत ठेवली होती. मामा, मला ती फार आवडते, आणि तिच्यासमोर ऐन वेळी माझी दातखीळ बसते. शनिवारच्या आत या. खडा न्यायला आलो म्हणून सांगा, हे पत्र तिला वाचायला द्या, आणि खडा न घेताच परत जा.